दोघांचाच एक गुरुवार

सुटी कुणाची असते? नवऱ्याची असते, मुलांची असते, शाळेतल्या बाईंचीही असते. घरातल्या बाईला मात्र त्याच दिवशी चार पोळ्या जास्त लाटाव्या लागतात. फिरायला जायचं ठरलं तरी आधी विचार डब्यांचा. माणसं किती, पुऱ्या किती, बटाट्याची भाजी दुपारपर्यंत टिकेल का, सासूबाईंची गोळी घेतली का, धाकट्याचा स्वेटर घेतला का? सगळे खिडकीतून डोंगर बघतात आणि ही पायाशी ठेवलेल्या पिशव्या मोजते. संध्याकाळी सगळे ‘मजा आली’ म्हणत आडवे होतात आणि ही खरकटे डबे घासायला घेते. मैत्रिणींनो, याला सहल म्हणायची की स्वयंपाकघराची बदली?

म्हणून आज मला एक गोष्ट स्पष्टच सांगायची आहे. वर्षातून निदान एक दिवस नवरा-बायकोनं दोघांनीच घराबाहेर पडावं आणि त्या दिवशी बाईनं कुणासाठी रांधू नये, वाढू नये. हा थाट नाही, ही संसाराची गरज आहे.

आमच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात तर ही गरज फारच जाणवते. इथली घरं शिफ्टवर चालतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. तो दिवसा झोपलेला असतो तेव्हा हिनं भांड्यांचा आवाज करायचा नाही, आणि ही कामातून मोकळी होते तेव्हा त्याची कंपनीची बस आलेली असते. शिवाय इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी. विजेचा भार वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या कारखान्यांना वेगवेगळे वार ठरवून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. मुलांची सुटी रविवारी. बायका यावर कुरकुरतात. मी म्हणते, अगं, हे तर आयतंच फावलंय! गुरुवारी मुलं शाळेत आणि नवरा घरी. असा दिवस दुसरीकडच्या बायकांना मागून मिळत नाही.

पण तो आपण वापरतो का? आमच्या बचत गटात मी एकदा विचारलं, ‘लग्नानंतर दोघंच कुठं गेला होता का?’ एक जण म्हणाली, ‘हो, दवाखान्यात.’ सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. दुसरी बीड जिल्ह्यातून अठरा वर्षांपूर्वी इथं आलेली. मुंबईला नणंदेकडे जाता-येता गाडीच्या खिडकीतून तिनं लोणावळा कितीदा पाहिला, पण तिथं उतरली एकदाही नाही. वर्षाची रजा गावी जाते. गाव म्हणजे सासर आणि सासर म्हणजे चूल. मी तिला म्हटलं, जा की एकदा. तर म्हणते कशी, ‘ताई, या वयात दोघंच हिंडायला लागलो तर लोक काय म्हणतील?’

याचं उत्तर मला कार्ल्याला मिळालं. गेल्या फेब्रुवारीत एका गुरुवारी मी आणि हे चिंचवडहून सकाळच्या लोकलनं निघालो. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे. लोणावळा तासाभराच्या अंतरावर आणि तिकीट शहरातल्या एका रिक्षाफेरीपेक्षाही स्वस्त. सोबत पाण्याची बाटली आणि एक शाल. डबा नाही! तळेगाव मागे पडलं आणि कामशेतपासून डोंगर जवळ येऊ लागले. आळंदीला फेसानं भरलेली पाहून आपला जीव तुटतो ती इंद्रायणी याच लोणावळ्याच्या डोंगरांतून येते.

आम्ही आधी मळवलीला उतरलो, रिक्षानं कार्ल्याच्या डोंगरापाशी गेलो, पायऱ्या चढलो. एकवीरा आईचं दर्शन घेतलं आणि शेजारच्या लेण्यापाशी थांबलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे चैत्यगृह. छताच्या लाकडी कमानी अजून शाबूत आहेत. आणि दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेली जोडपी आहेत. बाई पुरुषाच्या मागे नाही, बरोबरीनं उभी. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर. तेही कुठं, तर प्रार्थनेच्या जागेच्या दारात! दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. मग आपल्यालाच का वाटावं?

दुपारी लोणावळ्यात एका साध्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. दुसऱ्यानं केलेली आणि तव्यावरून थेट माझ्या ताटात पडलेली भाकरी! बायकांनो, हे सुख मी वेगळं सांगायला नको. मग बाजारातून चिक्की घेतली (गुरुवारचा उपवास असला तरी शेंगदाण्याची चालते) आणि खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर जाऊन बसलो. समोर बोरघाट. या घाटातल्या रेल्वेचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिनं ते कंत्राट पुढे चालवलं आणि हजारो मजुरांच्या कष्टांनी १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. हे मी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, ‘म्हणजे आमचं अडलं की तुम्हीच!’

आणि मग हे बोलायला लागले. कंपनीत नवीन यंत्रं आली आहेत, आपली लाइन कधी बंद होईल सांगता येत नाही, रात्रपाळीत पहाटे चारला हाच विचार डोक्यात फिरतो. बावीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मीही सांगितलं, की बी.ए.नंतर एम.ए. राहिलं ते अजून मनात आहे. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासऱ्यांसमोर, मुलांच्या अभ्यासात ही वाक्यं तोंडातून निघत नाहीत. त्यांना मोकळी जागा लागते. डोंगर तेवढ्यासाठी हवा. नुसता ‘पॉइंट’ बघायला नाही.

‘घरी बसून बोलता येत नाही का?’ असं कुणी विचारेल. घरी बाई कामात असते, हेच त्याचं उत्तर. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं, की बाई बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि जे पुरुष असं काम करतात ते ८८ मिनिटं. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही. अशा बाईशी नवरा बोलणार तरी कधी? फोडणी देताना?

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. सासूबाईंना चोरून जाऊ नका, सांगून जा. पुढच्या वेळी त्यांना आणि सासऱ्यांना पाठवा, त्यांचंही आयुष्य चुलीपाशीच गेलंय. मुलांची शाळेनंतरची सोय शेजारणीकडे करा आणि दुसऱ्या गुरुवारी तिची मुलं तुम्ही सांभाळा. चाकणकरणींना रेल्वे नाही, त्यांनी तळेगाव गाठावं. दुपारी लोकल कमी असतात, वेळापत्रक बघून निघा. पावसाळ्यात धबधब्याच्या पाण्यात उतरू नका. जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, हे विसरू नका. आणि स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीनं आपण बायका दिवसभर पाणी पीत नाही, ते आधी थांबवा. जिथं सोय नसेल तिथं दोघांनी मिळून तक्रार करा. नवऱ्यालाही कळू दे, बायको डोंगरावर तहानलेली का राहते ते!

तुमच्याजवळ लोणावळा नसेल. पण कोल्हापूरकरणींना पन्हाळा आहे, अमरावतीला चिखलदरा, नंदुरबारला तोरणमाळ, सावंतवाडीला आंबोली आहे. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. ते फक्त माहेरी आणि दवाखान्यात जायला वापरायचं, असं कुठं लिहिलेलं नाही.

मुलं मोठी झाल्यावर जाऊ, कर्ज फिटल्यावर जाऊ, असं म्हणत गुडघे धरतात आणि मग डोंगर चढवत नाही. तेव्हा आजच कॅलेंडर काढा, एका सुटीवर पेनानं गोल करा आणि नवऱ्याला सांगा, ‘त्या दिवशी डबा नाही.’