सायंकाळच्या चार गोष्टी : घासलेलें नाणें

परवां आमचा नातू जुन्या बाजारांतून रुप्याचें एक लहानसें, काळवंडलेलें नाणें घेऊन आला. आल्या आल्या त्यानें विचारलें, "आजोबा, चिंच लावून लख्ख करूं का?" मीं त्याचा हात धरला, कारण तेंच पाप बाळपणीं माझ्या हातून घडलें आहे. देवघरांतील एक जुनें नाणें मीं रांगोळीनें इतकें घासलें कीं, त्यावरचीं अक्षरें साफ गेलीं. वडील एवढेंच म्हणाले, "चांदी राहिली, नाणें गेलें."

नातवाला जवळ बसवून मीं जोगलटेंभीची हकीकत सांगितली. तीच वाचकांना सादर करितों.

नाशिक जिल्ह्यांतील या गांवीं १९०६ सालीं जमिनींत पुरलेला चांदीच्या नाण्यांचा ठेवा सांपडला. नाणीं थोडींथोडकीं नव्हेत, १३,००० हून अधिक! मूळचीं तीं क्षहरात क्षत्रप नहपान याचीं. दर्शनी बाजूस रोमन नाण्यांच्या धर्तीवर राजाचें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरें. मागें बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचें नांव. रोमन नाण्यांची छाया इकडे कशी आली, असें कोणी विचारील. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथांत नमूद आहे कीं, भरुकच्छ बंदरीं, म्हणजे आजच्या भडोचास, रोमन सोन्याचांदीचीं नाणीं येत आणि स्थानिक नाण्यांशीं त्यांचा बदल करण्यांत नफा होई.

खरी मौज पुढेंच आहे. यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा छाप आहे. नहपानाचा पाडाव झाल्यावर त्याचीं नाणीं न वितळवितां, त्यांवरच या राजानें आपलीं चिन्हें व नांव उमटविलें. कित्येक नाण्यांवर नव्या छापाखालून जुना चेहरा अद्याप डोकावतो. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला, असें त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेण्यांतल्या लेखांत कोरलेलें आहे. माता पुत्राची थोरवी गाणारच. परंतु येथें शत्रूच्याच नाण्यांनीं साक्ष दिली.

ही साक्ष मिळाली, ती ठेवा एकत्र तपासला गेला म्हणून. रेव्हरंड स्कॉट यांनीं नाणीं पाहून, मोजून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तींच नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, अगर दहा घरीं वांटलीं गेलीं असतीं, तर किती नाण्यांवर दुसरा छाप होता, हें कोणास कळतें?

म्हणून संग्रहाची हौस असणाऱ्या तरुणांस माझें सांगणें इतकेंच : नाणें घासूं नका, तें कोठून व केव्हां मिळालें, तें लिहून ठेवा. शेतांत वा वाड्याच्या पायांत ठेवा सांपडला, तर तो वांटून घेऊं नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळवा. कळविणाऱ्याच्या हक्काचाही विचार त्या कायद्यांत केलेला आहे.

नातवानें नाणें कागदांत गुंडाळून वर तारीख आणि 'जुना बाजार, पुणें' असें लिहिलें. चिंच मात्र आमटींत पडली.