चट्टा झाकणारी भीती

‘सामान्य माणसाला धोक्याचा हिशेब कळत नाही, त्याला घाबरवा, तरच तो ऐकतो,’ असं आरोग्यप्रचारात सर्रास मानलं जातं. वर्धा जिल्ह्याला हे मत मान्य करता येणार नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच कपाशी लावायची, की दुबार पेरणीच्या धास्तीने थांबायचं, हा हिशेब इथला कोरडवाहू शेतकरी दरसाल करतो. त्याला धोका कळत नाही, असं कोणी म्हणावं?

वेगाने पसरणाऱ्या साथीत भीतीने माणूस सावध होतो, हे मान्य. पण कुष्ठरोग अंगात वर्षानुवर्षं दबून राहतो. त्याच्या ‘महारोग’ या जुन्या नावाने हादरलेला माणूस दवाखान्यात जात नाही, अंगावरचा चट्टा सदऱ्याखाली झाकतो. तोवर नसा निकामी होतात, बोटं वाकतात आणि ती बोटं पाहून गाव आणखी भितं.

या भीतीला वर्ध्याने उत्तर दिलं. १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना जवळ ठेवून स्वतः मालिश केलं. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वार्डेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. घरोघर जाऊन तपासायचं, समजावून सांगायचं आणि औषध द्यायचं. पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमानेही हीच वाट धरली.

पोकळ दिलासाही भीतीइतकाच घातक. दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने २००५च्या अखेरीस गाठलं. लोकांच्या कानी मात्र ‘रोग संपला’ एवढंच पडलं. आजही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात.

म्हणून दोन्ही बाजू सांगाव्या लागतात. बहुतेकांच्या शरीरात या रोगाला रोखण्याची ताकद असते; तरीही तो कोणालाही होऊ शकतो. न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा दिसला तर लगेच दाखवावा. औषध मोफत आहे, सहा ते बारा महिन्यांचं आहे आणि ते सुरू झाल्यावर लवकरच संसर्ग थांबतो.

एवढं समजायला पदवी लागत नाही. आशाताई दारात आल्या, तर अंगावरचा चट्टा झाकू नका. आणि ज्यांच्यावर सांगायची जबाबदारी आहे, त्यांनी अर्धं सत्य सांगून निघून जाऊ नये.