रणगाड्याची प्रतिकृति शाळेंत असावी काय ?

हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनांत मुलें दरवर्षीं नवनव्या वस्तु मांडतात. कोणी पवनचक्की करतो, कोणी ज्वालामुखी, कोणी इरईचें धरण. परंतु अलीकडे वरच्या वर्गांतील कांहीं मुलांचें मन रणगाड्यावर बसलें आहे. पुठ्ठा, बांबू, सायकलची जुनी ट्यूब असें साहित्य जमवून, अगर बाजारांत मिळणारा प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून, खऱ्या रणगाड्याची हुबेहूब लहान प्रतिकृति तयार करावयाची, हा तो छंद. त्यावर पालकांचे दोन आक्षेप आमच्या कानीं आले आहेत. पहिला असा कीं, ज्या शाळेंत शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा धडा रोज गिरविला जातो, तेथें माणसें मारण्याच्या यंत्राचें कौतुक कशाला ? दुसरा असा कीं, दहावीची परीक्षा तोंडावर आली असतां दोन दोन महिने डिंक आणि कातर घेऊन बसणें हा वेळेचा शुद्ध अपव्यय होय. दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, व दोहोंचाहि विचार झाला पाहिजे. आमचें मत आधींच सांगून टाकतों : रणगाड्याची प्रतिकृति शाळेंत अवश्य असावी, मात्र ती खरी असावी. खरी म्हणजे कशी, हेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे, म्हणून तें प्रथम देतों. प्रतिकृतीचा प्राण प्रमाणांत असतो. ह्या छंदांत १:३५ हें प्रमाण जगभर रूढ आहे. पण तें कोणा पंडितानें ठरविलेलें नाहीं. १९६० नंतर लवकरच जपानांतील तामिया कंपनीनें 'पँथर' ह्या जर्मन रणगाड्याचा संच काढला. आंत लहानशी मोटार व सेल बसावेत, एवढा त्याचा आकार ठेवला, आणि मागाहून मोजून पाहतां तें प्रमाण १:३५ भरलें. पुढें इतर कारखानदारांनींहि तेंच उचललें.

आतां आपल्या सैन्यानें १९६५ व १९७१ च्या युद्धांत वापरलेला 'सेंच्युरियन' रणगाडा घ्या. त्याची रुंदी सुमारें ३.४ मीटर, उंची सुमारें ३ मीटर आणि तोफेसह लांबी सुमारें ९.८५ मीटर. प्रत्येक आंकड्यास ३५ नें भागलें म्हणजे प्रतिकृति ९.७ सेंटिमीटर रुंद, ८.६ सेंटिमीटर उंच व २८ सेंटिमीटर लांब झाली पाहिजे, हें कळतें. येथपर्यंत गणित लहान मुलांचें. पण वजनाचें काय ? खरा सेंच्युरियन सुमारें ५१ टनांचा. त्याच पोलादाची, प्रत्येक भाग त्याच प्रमाणांत लहान केलेली प्रतिकृति केली, तर तिचें वजन किती भरेल ? पुष्कळ मुलें ५१ टनांस ३५ नें भागतात, आणि जवळजवळ दीड टनाचें खेळणें पाहून चकित होतात ! लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही घटतात. म्हणून वजन ३५ चा घन, म्हणजे ४२,८७५ पटींनीं घटतें, व उत्तर येतें सुमारें १.२ किलो. रंग द्यावयाचा पृष्ठभाग मात्र ३५ च्या वर्गानें, म्हणजे १,२२५ पटींनींच घटतो. वर्ग आणि घन यांतील जो भेद फळ्यावर दहा वेळां सांगून डोक्यांत शिरत नाहीं, तो हातांत पुठ्ठा असतांना एकदां सांगितल्यानें शिरतो. शिवाय, प्रतिकृतींत एक मिलिमीटर चूक झाली, तर खऱ्या रणगाड्यांत ती साडेतीन सेंटिमीटरांची होते, हें ज्या मुलास उमगलें, त्याला 'चालेल एवढें तेवढें' ही संवय लागत नाहीं. परीक्षेला ह्याहून अधिक उपयोगी संवय कोणती, तें आक्षेपकांनींच सांगावें.

साहित्याचा प्रश्न तर आपल्या चांदा-गडचिरोलीच्या मुलखांत फारसा अवघड नाहीं. विकतचा संच महाग पडतो; तो घेतलाच पाहिजे असें मुळींच नाहीं. बल्लारपूर गांव कागदामुळें देशाला ठाऊक झालें, आणि बांबूचीं बनें तर आपल्या दाराशीं आहेत. चिचपल्लीस बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाल्यापासून ह्या गवताची योग्यता शहरांतील लोकांसहि कळूं लागली आहे. (वनस्पतिशास्त्र बांबूला गवतच म्हणतें, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.) जाड पुठ्ठ्याचे थर एकमेकांस चिकटवून, वजनाखालीं दाबून वाळविले म्हणजे रणगाड्याचें धड होतें. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा सहा चाकें असतात. तीं बाराहि एकाच मापाचीं हवींत, म्हणून कंपासानें वर्तुळें आंखून चकत्या कापाव्यात. पट्ट्यासाठीं ट्यूबची पट्टी घेऊन तिजवर आगकाड्यांचे समान तुकडे चिकटवावेत. तोफेच्या नळीला बांबूची सरळ, बारीक काडी उत्तम. नळी टोंकाकडे किंचित् निमुळती होत जाते व बांबूहि तसाच निमुळता असतो. आपल्याकडील बुरूडकाम करणारा कोणीहि वृद्ध कारागीर बांबू कसा चिरावा व तासावा तें मुलांस अर्ध्या तासांत दाखवील. त्याला एकदां शाळेंत बोलवावें व मानानें खुर्चीवर बसवावें, असें आम्ही सुचवितों.

परंतु धड, चाकें व तोफ जुळली म्हणजे काम संपलें, असें समजणारे पुष्कळ असतात. खरें काम तेथून पुढें सुरू होतें. चकचकीत हिरवा रंग फासून उभा केलेला रणगाडा हा कोठलाहि नसतो, कोणाचाहि नसतो. तें नुसतें बाहुलें होय. बारकावे भरूं लागलें म्हणजे मुलाला प्रश्न पडूं लागतात. हा रणगाडा कोणत्या पलटणीचा ? कोणत्या दिवसाचा ? त्या दिवशीं पाऊस होता कीं धूळ ? चिखल पट्ट्यांना व खालच्या अंगास लागेल. तोफेच्या बुरुजावर तो कसा जाईल? माणसें जेथें पाय देऊन चढतात, तेथल्या कडांवरील रंग उडालेला असला पाहिजे. धुराड्याच्या तोंडाशीं काजळी असली पाहिजे. ह्यासाठीं रंग पातळ करून दोन तीन हात द्यावेत. मग अगदीं पातळ तपकिरी रंग फटींत उतरूं द्यावा, आणि शेवटीं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें उंचवट्यांवरून हलका हात फिरवावा, म्हणजे प्रत्येक बिजागरी व खिळा दिसूं लागतो. येथें एक गंमत नेहमी घडते. मुलें आपल्या अंगणांतील तांबडी किंवा शेतांतील काळी माती कालवून रणगाड्यास फांसतात. पण तो रणगाडा उत्तरेकडील नदीकांठीं लढला असेल, तर तेथली गाळाची फिकट माती त्यावर पाहिजे. मातीचा रंग शोधतां शोधतां भूगोलाचें पुस्तक आपोआप उघडलें जातें.

असाच एक रणगाडा खरोखरीचा आहे. त्याचें नांव 'फामागुस्ता'. १६ डिसेंबर १९७१ रोजीं शकरगडच्या बाजूस बसंतर नदीजवळ 'पूना हॉर्स' पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ह्या सेंच्युरियनमध्यें होते. ही पलटण १८१७ सालीं पुण्यास उभी राहिलेली, आणि खेत्रपाल यांचा जन्महि पुण्याचाच. वय अवघें एकवीस. पलटणींत दाखल होऊन सहा महिनेच झाले होते. रणगाड्यास गोळा लागून आग लागली, तेव्हां गाडी सोडण्याचा हुकूम झाला. पण तोफ अजून चालत होती, म्हणून ते मागें फिरले नाहींत. पुढच्या गोळ्यानें त्यांचा प्राण घेतला. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. तो रणगाडा पुढें दुरुस्त करून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रांत जतन करून ठेविला आहे. त्याच नगरांत १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालयहि आहे. सहल त्या बाजूस गेल्यास तें विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें.

पण ह्या हकीकतीचा उत्तरार्ध आमच्या विषयास अधिक लागू पडतो. २००१ सालीं अरुण यांचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपली जन्मभूमि पाहण्यास पाकिस्तानांत गेले. तेथें ज्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनीं त्यांचा अगत्यानें पाहुणचार केला, त्यांनींच त्यांस सांगितलें कीं, त्या दिवशीं समोरच्या रणगाड्यांत आपण होतों, व आपल्याच हातून तुमचा मुलगा पडला. तीस वर्षें तें ओझें वागविणारा मनुष्य आणि तें ऐकून घेणारा बाप, या दोघांचीं मनें कशीं झालीं असतील, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं करावा. 'फामागुस्ता'ची प्रतिकृति करणाऱ्या मुलाला ही गोष्ट ठाऊक नसेल, तर त्याचे सर्व खिळे जागच्या जागीं असूनहि त्याची प्रतिकृति अपुरी आहे, असें आम्ही म्हणूं.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळतों. तरवारींचे नांगर होतील त्या दिवसाची आशा धरणारे आम्हीहि आहों. म्हणून हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु युद्धाचीं साधनें आपल्या मुलांच्या दृष्टीआड आहेत काय ? भद्रावतीच्या आयुधनिर्माणींत दारूगोळा तयार होतो, आणि तेथील पगारावर किती तरी घरांतील चूल पेटते. आणि गडचिरोलीच्या जंगलाविषयीं तर बोलावयासच नको. १ मे १९१९ नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत, १ मे २०१९ रोजीं, ऐन महाराष्ट्र दिनीं, कुरखेडा तालुक्यांत जांभूळखेड्याजवळ रस्त्यांत पेरलेल्या सुरुंगानें १५ पोलीस जवान व त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण ठार झाले. त्यांची गाडी चिलखती नव्हती. जो मुलगा अशा मुलखांत वाढतो, त्याला रणगाड्यापासून दूर ठेवून आपण त्याचें भोळेपण राखूं शकत नाहीं. फार तर त्याचें अज्ञान राखूं शकूं.

सुरुंगाचीच गोष्ट निघाली, म्हणून आणखी एक उदाहरण देतों. कारवार भागांतील चेंडिया गांवचे रामा राघोबा राणे हे बाँबे सॅपर्स दलाचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्यें नौशेराहून राजौरीस जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूनें झाडें आडवीं टाकून व सुरुंग पेरून आपले रणगाडे अडविले होते. ८ एप्रिल रोजीं तोफगोळ्यांच्या माऱ्यांत राणे यांचे दोन सोबती ठार व पांच जण जखमी झाले; त्या जखमींत ते स्वतःहि होते. तरी ११ एप्रिलपर्यंत ते सुरुंग काढीत व रस्ता मोकळा करीत राहिले. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, चालकाला दोरीनें खूण करीत, त्यांनीं गाडी पुढें नेली असें सांगतात. त्यांस परमवीर चक्र मिळालें. आतां १:३५ च्या प्रमाणांत हें दृश्य मांडूं गेलें, तर राणे यांची उंची सुमारें पांच सेंटिमीटर होते. आणि रणगाडा निकामी करणारा सुरुंग सदऱ्याच्या गुंडीहून फारसा मोठा होत नाहीं. पुठ्ठ्यावर ती गुंडी ठेवणाऱ्या मुलाला जांभूळखेड्याचा रस्ता आठवल्यावांचून कसा राहील ? यंत्र केवढें, मनुष्य केवढा आणि मृत्यु केवढा, हें तिन्हीचें परस्पर माप कोणत्याहि व्याख्यानापेक्षां अशी प्रतिकृति स्पष्ट दाखविते.

म्हणून आम्ही तीन नियम सुचवितों. पहिला : प्रतिकृति एका नेमक्या रणगाड्याची, नेमक्या स्थळाची व दिवसाची असावी, ज्याची माहिती मिळत नाहीं असा रणगाडा करूं नये. दुसरा : तिजपाशीं निदान एक तरी मनुष्य त्याच प्रमाणांत उभा करावा. सेंच्युरियनमध्यें चौघे असतात; त्यांच्या जागा कोणत्या, तें करणाऱ्यास सांगतां आलें पाहिजे. तिसरा : खालीं एक चिठ्ठी असावी, व तींत त्या दिवशीं उभय पक्षांचें काय झालें तें चार ओळींत लिहावें. शत्रूचा रणगाडा केला असला तरी हा नियम सुटूं नये. कारण त्यांतहि माणसेंच होतीं. परीक्षकांनीं गुण देतांना तोफेची लांबी न पाहतां ही चिठ्ठी प्रथम वाचावी.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, तयार खेळणें विकत आणून मुलाच्या नांवावर मांडूं नका. त्यांत कोणाचेंच हित नाहीं. आठवड्यांतून दोन तास, शनिवारीं दुपारीं, ह्या कामास पुरे आहेत. चाकू लहानांच्या हातीं देऊं नये, आणि रंगकाम उघड्या हवेंत करावें. विद्यार्थी मित्रहो, पुढील प्रदर्शनास अवकाश आहे. आतांच कागद घ्या, कोणता रणगाडा व कोणता दिवस तें ठरवा, आणि पुठ्ठ्याला कातर लावण्यापूर्वीं त्यांत बसलेल्यांचीं नांवें शोधून काढा.