पायऱ्यांवर खापर फोडू नका

ओळखीतले एक काका ग्रामोफोनच्या तबकड्या जमवतात. त्यांच्या घरी गेलं की एक तबकडी लागते आणि मागोमाग ठरलेलं वाक्य येतं, "डिजिटलमध्ये सुराचे तुकडे होतात रे. दोन तुकड्यांच्या मध्ये मींड मरते." ऐकणारे माना डोलावतात. इंजिनीअर असून मीही डोलवायचो. आता नाही डोलवत. कारण हे वाक्य चुकीचं तर आहेच, पण त्याच्या आडून खरा चोर निसटतो.

आधी तुकड्यांचं बघू. सीडीसाठी आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजतात. पाठ्यपुस्तकातली आकृती आठवते? गुळगुळीत लाट आणि तिला चिकटलेल्या जिन्यासारख्या पायऱ्या. ती बघून वाटतं, दोन मोजण्यांमधलं सगळं गेलं. पण फाइलमध्ये पायऱ्या नसतातच, असतात फक्त बिंदू. क्लॉड शॅनन यांनी 1949 च्या निबंधात मांडलेला सिद्धांत सांगतो : आवाजातल्या फ्रिक्वेन्सी एका मर्यादेच्या आत असतील आणि तुम्ही त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त वेगाने मोजत असाल, तर त्या सगळ्या बिंदूंमधून जाणारी आणि मर्यादेत राहणारी लाट एकच असते. एकच! म्हणजे मधली जागा अंदाजाने भरायची नसते, ती ठरलेलीच असते. माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. 44,100 हा आकडा त्याच्या दुपटीहून थोडा जास्त आहे, तो याचसाठी.

प्रत्येक मोजणीही 65,536 पातळ्यांपैकी एकीवर बसवावी लागते, हे खरं. त्यात थोडी चूक राहते. पण ती नीट हाताळली तर बारीक सळसळीसारखी उरते आणि काकांच्या तबकडीची खरखर तिच्याहून कितीतरी मोठी असते. स्वरावरून स्वरावर अखंड घसरत जाणारी मींड या आकड्यांत सुखरूप असते.

मग मींड मरते कुठे? हार्मोनियमवर मरते, जिथे वीज लागत नाही आणि संगणकही नसतो. पट्ट्यांच्या मधले स्वर तिथे वाजतच नाहीत. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे हाही आक्षेप होता. 1997 मध्ये ऑटो-ट्यून आलं. आज फोनवरच्या ॲपमध्ये एक बटण दाबलं की गाणाऱ्याचा आवाज बारापैकी जवळच्या स्वरावर ओढला जातो. मोजण्याच्या जाळीमागे गणिताची हमी आहे. बारा स्वरांची जाळी हे कुणाचं तरी मत आहे. आपण दोन्हींना 'डिजिटल' म्हणतो आणि मत मांडणारा मोकळा सुटतो.

हे मला आजीमुळे कळलं. दोन वर्षांपूर्वी गावाकडे तिला जात्यावर बसवलं, बाबांनी फोन धरला आणि मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. नंतर तिला ऐकवल्या. तिने दोन ओव्या ऐकल्या आणि विचारलं, "ह्यातलं जातं कुठं गेलं रं?"

जातं गेलं होतं. ॲपने घरघर पुसून टाकली होती. जिथे आजीचा आवाज खाली उतरून घरघरीत मिसळत होता, तिथली अक्षरंही त्याने सोबत नेली होती. माइकने जातं ऐकलं होतं, आकड्यांत ते मावलं असतं. पण सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं. पंख्याच्या, मिक्सरच्या बाबतीत ते बरोबरच आहे. जात्यावरच्या ओवीत मात्र जातं हाच ठेका असतो. आजी आता नाही. माझ्याकडे उरलंय ते जात्याविना जात्यावरचं गाणं.

ते ठरवणारा माणूस दुष्ट नसणार. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच डेडलाइनखाली दबलेला असणार. मीही अशा सेटिंग्ज लिहिल्या आहेत. 'बहुतेकांना हेच हवं असतं' म्हणून चालू करून ठेवल्या आणि बंद करायचं बटण तीन मेनूंच्या खाली पुरलं. बहुतेकांत कोण येतं, हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी विचारला नाही. मीही नाही.

म्हणून काका, तबकड्या जरूर ऐका, पण पायऱ्यांवर खापर फोडू नका. आणि माझ्या वयाच्या लोकांनो, 'एआयने आवाज स्वच्छ केला' याचं कौतुक करण्याआधी विचारा की घाण कशाला म्हटलं. घरातल्या कुणाचा आवाज जपायचा असेल, तर कॉलवर विसंबू नका. त्यांच्या शेजारी बसून साध्या रेकॉर्डरवर घ्या, नॉइज कमी करणारी सेटिंग बंद करा, जमलं तर वेव्ह फाइल ठेवा. साफसफाई नंतर कधीही करता येते. पुसलेलं जातं मात्र कुठल्याच सिद्धांताने परत येत नाही. शॅननची हमी मोजलेल्या बिंदूंपुरती आहे, आपण फेकून दिलेल्यांसाठी नाही.