ठेंगण्या गाईची पारख

लहान चणीच्या गाई पाळण्याची हौस ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत अलीकडे बरीच वाढली आहे. एकर-दोन एकरांच्या तुकड्यावर दुभते जनावर ठेवू पाहणाऱ्या कुटुंबाला मूळच्या आयर्लंडमधील डेक्स्टर जातीची गाय सोयीची वाटते, यात नवल नाही. तिची उंची जेमतेम एक मीटर आणि खाणे बेताचे. परंतु या जातीतील जी गाय सर्वांत आखूड पायांची, म्हणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत चटकन भरणारी, तिच्या बुटकेपणाचे मूळ बहुधा एका सदोष जनुकात असते. विकणारा ही गोष्ट सांगतोच असे नाही.

हा दोष कूर्चेच्या घडणीशी निगडित आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल तर गाय ठेंगणी होते, एवढेच. ती दूध देते, वेळेवर वितेही. अशी गाय तशाच वळूपासून गाभण राहिली म्हणजे मात्र दर खेपेस चारांत एक या प्रमाणात वासराच्या दोन्ही प्रती सदोष निघण्याचा संभव असतो. ते वासरू जगत नाही. बहुधा सातव्या महिन्याच्या सुमारास गाय गाभ टाकते. मृत वासराचे डोके फुगीर, तोंड चेपलेले, जीभ बाहेर आलेली आणि पाय नुसत्या खुंट्यांसारखे असतात. पैदासकार त्याला ‘बुलडॉग वासरू’ म्हणतात. एडिंबरोचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रू यांनी या विकृतीवरील आपला अभ्यास 1923 सालीच प्रसिद्ध केला होता. तेव्हा विकार नवा नव्हे; नवी आहे ती त्याची खात्रीची परीक्षा. सिडनीच्या संशोधकांनी 2007 साली ॲग्रेकन या कूर्चेतील प्रथिनाच्या जनुकात असे दोन बिघाड दाखवून दिले. आता शेपटीचे मुळांसकट उपटलेले चार केस प्रयोगशाळेत पाठविले की उत्तर मिळते.

तरीही ‘आमची नजर पुरेशी आहे’ असे म्हणणारे जुने पैदासकार आहेत. अगदी टोकाची जनावरे नजरेला ओळखू येतात, हे खरे. पण निर्दोष असूनही बुटकी गाय असते आणि सदोष जनुक बाळगून थोडी उंच वाढलेलीही असते. लहान कालवडीच्या बाबतीत तर अंदाजच चालतो. ‘तीन वेते झाली, वासरे धडधाकट आहेत’ हा पुरावाही लंगडा आहे. दोन्ही जनावरे दोषवाहक असली तरी लागोपाठ तीन खेपा सुखरूप पार पडण्याची शक्यता सुमारे 42 टक्के असते.

परीक्षेवाचून काय होते, हे अमेरिकेतील हेरफर्ड जातीने 1950 च्या सुमारास अनुभवले. तेथील खुजेपणा निराळ्या प्रकारचा होता. त्याचे वाहक वरून साधारण दिसत. आटोपशीर, ठोकळेबाज जनावरांची चलती असल्याने दोष पसरला, आणि तो उघड झाल्यावर वंशावळीत एखादे संशयित नाव आढळले की सबंध घराणीच मोडीत निघाली. त्यांत निर्दोष जनावरेही गेली.

म्हणूनच आखूड पायांच्या डेक्स्टर गाईला एकदम बाद ठरवा, असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. निर्दोष वळूशी तिचा संकर केल्यास बुलडॉग वासरू होत नाही, आणि निम्मी संतती दोषमुक्त निघते. पण दोन ठेंगणी जनावरे जाणूनबुजून एकत्र आणून, अधिक किमतीची वासरे मिळावीत म्हणून चौथ्याचा बळी हिशेबात धरणे, याला पैदास म्हणणे कठीण आहे. त्या व्यवहारात नफा मालकाचा आणि सातव्या महिन्याची वेदना गाईची. जातीच्या नोंदणी संस्थांनी परीक्षेचा निकाल प्रत्येक जनावराच्या नोंदपत्रावर सक्तीने लिहावयास हवा. सर्वांची तपासणी एकदम झेपत नसेल तर निदान वळूंपासून तरी प्रारंभ व्हावा. कारण गाय वर्षाकाठी एक वासरू देते, आणि कृत्रिम रेतनामुळे एकाच वळूचा दोष शेकडो गोठ्यांत पोहोचतो.