कंत्राटात पाणी नव्हतेच

जलयुक्त शिवाराचा विषय निघाला की कंत्राटदाराला चोर ठरवून चर्चा आटोपली जाते. बीड जिल्ह्यात तर ते फारच सोपे. परळी तालुक्यातील कामांवरून अधिकारी व कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, हे सर्वज्ञात आहे. पण चोरीची कामे बाजूला ठेवून केवळ प्रामाणिक कामे घेतली, तरी एक प्रश्न उरतो. गावाला पाणी देण्याचे बंधन कंत्राटाने कोणावर घातले होते? कोणावरही नाही.

सरकारी कामाची व्याप्ती शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत ठरत नाही. ती ठरते अंदाजपत्रकात आणि निविदेच्या अनुसूची ‘ब’मध्ये: बाब, परिमाण, दर. नाला खोलीकरण म्हणजे तिथे अमुक घनमीटर खोदाई. मुरमाचा दर वेगळा, खडकाचा वेगळा. मोजमाप पुस्तिकेत खोदाई चढली की देयक निघाले. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्यातील ३८ वे कलम परिमाण वाढल्यास काय करायचे हे बारकाईने सांगते (२५ टक्क्यांपर्यंतची वाढ निविदेच्याच दराने). विहिरीची पातळी वाढली नाही तर काय, याविषयी ते मौन पाळते.

हे माप दुष्काळी कामांवर रुळलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे पाझर तलावांवर आणि खडी केंद्रांवर राबली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. तिथे माती मोजणे रास्त होते, कारण उद्दिष्ट मजुरी हे होते आणि उपसलेली माती हा श्रमाचा पुरावा होता. २०१४ नंतर पोकलेन आले, मजूर गेला, उद्दिष्ट पाणी झाले. माप मात्र मातीचेच राहिले!

‘पाऊस कंत्राटदाराच्या हाती नसतो’ हा बचाव नेहमीचा. खरा आहे, पण अपुरा. गाळ काढणे माणसाच्या हाती असते. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर ५ वर्षांची देखभाल कंत्राटातच लिहिलेली असते. डांबराला जे संरक्षण मिळते ते नाल्याला का नाकारावे?

महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात आला. खर्च सुमारे ९,६३४ कोटी रुपये. बीडसह निवडक जिल्ह्यांतील १२० गावे तपासली गेली. त्यांपैकी ८३ गावांत निर्माण झालेला साठा पिण्याच्या व सिंचनाच्या गरजेला अपुरा होता. ‘जलपरिपूर्ण’ घोषित झालेल्या ८० गावांपैकी प्रत्यक्षात तशी निघाली २९. उरलेल्या ५१ गावांचा हिशेब कोणत्याही अनुसूची ‘ब’मध्ये मागता येत नाही, तिथे ती बाबच नव्हती.