सोळाशे मीटर कोणी मोजले?

पोलीस भरतीची जाहिरात येवो न येवो, रिसोड तालुक्यातल्या केनवडपासून थेट गडचिरोलीपर्यंत पहाटे रस्त्याच्या कडेने पोरे पळत असतात. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये स्टॉपवॉच, आणि सोळाशे मीटरची खूण म्हणून एखादा पूल किंवा डांबरावर ओढलेली चुन्याची रेघ. ही खूण ठरते कशी? बहुतेक वेळा मोटारसायकलच्या मीटरवर. त्यातला शेवटचा आकडा शंभर मीटरचा. तो नुकताच फिरला होता की फिरायच्या बेतात होता, हे कोणी बघत नाही. अंतर ५० मीटरने कमी भरले, तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या वेगाने पळणाऱ्याच्या वेळेत जवळजवळ १० सेकंदांचा फरक पडतो. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांसाठी या एका धावेचे असतात, आणि ते सगळे हवे असतील तर याच वेळेत यावे लागते. गावात ५:०५ लावणारा पोरगा भरतीच्या मैदानावर ५:१५ ला येतो, तेव्हा घरचे म्हणतात, पोरगा घाबरला. रस्ताच आखूड होता, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

व्यायामाचे शास्त्र इथूनच सुरू होते, महागड्या यंत्रापासून नव्हे. आधी माप पक्के करायचे, मग सरावाने काय साधले ते बोलायचे. मला राग येतो तो या दुसऱ्या भागाचा. तालुक्याच्या चौकात भरती अकादमीचे फ्लेक्स लागतात, वर्दीतल्या पोरापोरींचे फोटो, खाली 'यशाची परंपरा'. फी भरून आत किती जण आले होते, हा आकडा फ्लेक्सवर कधीच नसतो. नडगी दुखायला लागली म्हणून थांबलेला, सोयाबीन काढणीला घरी गेला तो परत आलाच नाही असा, दुसऱ्या महिन्याची फी जमली नाही असा, हे सगळे हिशेबातून गळतात. उरलेल्यांकडे बोट दाखवून सराव उत्तम म्हणायचे, ही त्या पोरांच्या आईबापांची फसवणूक आहे, जाणूनबुजून केलेली असो वा नसो.

दुसरी गफलत ऋतूची. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात पळायला लागलेला मुलगा डिसेंबरच्या थंडीत वेगाने पळणारच. त्यातले श्रेय प्रशिक्षकाचे किती आणि हवेचे किती, हे कळायला सोबत दुसरा गट लागतो. गावातल्याच चाळीस पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. वीस जणांनी नेहमीसारखे रोज जीव तोडून सोळाशे मीटर पळावे. उरलेल्या वीस जणांनी बहुतेक दिवस सावकाश लांब पळावे आणि आठवड्यातून दोनदा चारशे-चारशे मीटरचे जोरदार तुकडे मारावेत. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांची वेळ घ्यावी, आणि घड्याळ धरणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नसावे. माहीत असले की अंगठा आपोआप लवकर दाबला जातो, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. मध्येच सोडून गेलेल्यांची नावेही शेवटच्या हिशेबात ठेवावीत. याला लागते काय? टेप, दोन घड्याळे, एक वही.

शारीरिक शिक्षणातले कितीतरी प्रबंध वसतिगृहातल्या हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांवर होतात. बारा आठवड्यांचा सराव, आधीची चाचणी, नंतरची चाचणी, झाले. खरा नमुना मात्र केनवडच्या रस्त्यावर पळतो आहे.

आपल्याकडे अशा मोजणीची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम केलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, आतला दाब मोजला. प्राणायामाने शरीरात जास्त प्राणवायू जातो, हा समज तर मोजणीत टिकत नाही असे त्यांनी स्वतःच मांडले. योगावर आयुष्य ओवाळून टाकलेल्या माणसाने योगाविषयीचीच एक लाडकी समजूत सोडून द्यावी, याचे मला फार मोल वाटते. आपल्या पद्धतीवर प्रेम असणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने त्यांची ती सचोटी अंगी आणावी.

सरकारकडेही अशा मोजमापांचा एक मोठा साठा पडून आहे. २०२४ मध्ये पोलीस भरतीच्या १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले आणि मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. एका पोराने कोरड्या मैदानावर धावायचे आणि त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्याने आदल्या रात्रीच्या पावसानंतर, असे झाले की गुणांची तुलना करायची कशी? मैदानावर उतरलेल्या प्रत्येकाची उंची, धावेची वेळ, गोळ्याचे अंतर नोंदले जाते. नावे काढून हा साठा विद्यापीठांच्या स्वाधीन करावा, तारीख आणि त्या दिवशीच्या पावसासह. ग्रामीण महाराष्ट्रातल्या तरुणांच्या शरीराविषयी त्यातून जे कळेल, ते परदेशी पुस्तकातून कळणार नाही.

मुलींचे तर आणखी वेगळे. त्यांना ८०० मीटर आणि चार किलोचा गोळा. क्रीडावैद्यकातल्या संशोधनाचा आढावा २०१४ मध्ये घेतला गेला, तेव्हा त्यातल्या सहभागी व्यक्तींपैकी स्त्रिया जेमतेम ३९ टक्के निघाल्या. मुलांसाठी बेतलेला सराव मुलींना तसाच दिला जातो. पाळीच्या दिवसांत वेळ बदलते का, रक्त कमी असलेल्या मुलीला त्याच सरावाने दम लागतो की ती सुधारते, हे विचारलेच जात नाही. म्हणून वही ठेवायची तर त्यात मुलींसाठी दोन रकाने जास्त हवेत, पाळीची तारीख आणि हिमोग्लोबिन. आणि ती वही अकादमीच्या कपाटात जायला नको. ती गावातल्याच ताईंकडे, आशा कार्यकर्तीकडे राहावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातली रक्ततपासणी त्याच करवून आणू शकतात, आणि पाळीविषयी मुली त्यांच्याशीच मोकळेपणाने बोलतील.